महाविद्यालय, पदवी आणि तंबोरा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि परीक्षांच्या निकालांचे दिवस आपल्याकडे एकाच सुमारास येतात, आणि त्यामुळे या मंडपात बसलेल्या अनेक पालकांच्या मनात या घटकेला काय घोळत असेल हे ओळखण्यास फारशा मनकवडेपणाची आवश्यकता नाही. प्रवेशअर्ज, पसंतिक्रम, शुल्काचे हप्ते, वसतिगृहाची सोय, यांचा खल घरोघर चाललेला आहे. या साऱ्या धामधुमीत एका विशिष्ट प्रकारच्या विद्यार्थ्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, आणि आज मी बोलणार आहे ते त्याच्याविषयी. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून ज्याने गायनाची वा वादनाची तालीम घेतली, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून मध्यमापर्यंतच्या परीक्षा ज्याने दिल्या, ज्याचा यमन ऐकून घरी आलेले पाहुणे केवळ शिष्टाचार म्हणून मान डोलावीत नाहीत, परंतु जो पुढे निव्वळ गवई होणार नाही हे त्याने स्वतः आणि त्याच्या घरच्यांनी बहुतांशी ठरवून टाकले आहे, असा हा विद्यार्थी. तो विज्ञान, वाणिज्य, विधी किंवा अभियांत्रिकी घेणार आहे, आणि संगीत सोडणारही नाही. ज्याला गवईच व्हावयाचे आहे त्याचा मार्ग खडतर असला तरी निदान स्पष्ट असतो. ज्याने गाणे सोडून दिले त्याचा तर प्रश्नच मिटला. मधल्याची मात्र सगळीकडून ओढाताण होते, आणि संख्या मोजू गेल्यास हे मधलेच सर्वांत अधिक भरतील.

अशा मुलाचे वा मुलीचे पालक भेटतात तेव्हा बहुधा एकच पृच्छा करतात, की संगीताच्या दृष्टीने कॉलेज कोणते चांगले? पृच्छा स्वाभाविक आहे. तिच्या मागे लागले म्हणजे मनुष्य माहितीपत्रके चाळतो, कोणत्या महाविद्यालयात संगीताचा विभाग आहे, कोठे स्नेहसंमेलन दणक्यात होते, कोणी करंडक जिंकले, याची टिपणे काढतो आणि त्या टिपणांवर विसंबून चार वर्षांचा निर्णय घेऊन मोकळा होतो. माझे प्रतिपादन असे आहे, की जेथे संगीताला दुसरे स्थान द्यावयाचे आहे तेथे महाविद्यालयातील संगीतापेक्षा महाविद्यालयाचे वेळापत्रक अधिक बारकाईने वाचावे, आणि महाविद्यालयाचे नाव ठरविण्याआधी गुरूचे गाव ठरवावे. गाणे देणे हे महाविद्यालयाच्या हातात फारसे नसते. गाण्यासाठी लागणारे तास शिल्लक ठेवणे किंवा गिळंकृत करणे, हे मात्र पुरतेपणी त्याच्याच हातात असते.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचे मूळ शतकभर मागे जाते. आधुनिक काळात संगीतशिक्षणाची घडी ज्या दोन विष्णूंनी बसविली त्यांचे मार्ग या संदर्भात शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. बालपणी फटाक्यांच्या दारूच्या अपघातात दृष्टी अधू झाली, शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या घरी त्यांची तालीम झाली. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरुगृहातील विद्येला इयत्ता, वेळापत्रक व परीक्षा यांची शिस्त दिली. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईस वाळकेश्वरी झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८८५ मध्ये ते पदवीधर झाले, १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली आणि काही काळ कराचीसही वकिली केली. त्यांनी सतार शिकून घेतली, आणि धृपद व ख्याल यांचा संग्रह केला तो मुंबईतील पारशी मंडळींनी १८७० मध्ये काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत येणाऱ्या उस्तादांकडून. १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद काय किंवा १९२६ मधील लखनौचे संगीत महाविद्यालय काय, त्यांच्या नावावर जमा असलेले सारे कार्य या दुहेरी विद्यार्थिदशेतून उगवलेले आहे.

आपल्या आजच्या विद्यार्थ्याचा खरा पूर्वज हा दुसरा विष्णु होय. एल्फिन्स्टनने त्यांना राग शिकविले नाहीत. शिकवील अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. परंतु महाविद्यालय, न्यायालय आणि गायनाची मंडळी ही तिन्ही एकाच शहरात होती, आणि दिवसाचे काम संपल्यावर संध्याकाळ मोकळी सापडत होती. शहर आणि संध्याकाळ या दोन गोष्टी जुळल्या नसत्या, तर वकील भातखंडे झाले असते. पंडित भातखंडे झाले असते की नाही, याची शंका आहे.

पुढची उदाहरणे तुम्हांला परिचित आहेत. प्रभाताई अत्रे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात विज्ञान शिकल्या, त्यानंतर त्यांनी कायद्याचीही पदवी घेतली, आणि त्यांचे गुरू सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर हे पुण्यातच होते. अश्विनीताई भिडे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीपर्यंत गेल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी जीवरसायनशास्त्रात विद्यावाचस्पती पदवीसाठी संशोधन केले; त्यांच्या घरी माणिकताई भिड्यांसारखी आई गुरुस्थानी होती, म्हणजे गुरूचे गावच काय, गुरूचे घरही दूर नव्हते. गोव्याच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी संस्कृतचे पदवीधर. वसंतराव देशपांडे यांनी उमेदीची अनेक वर्षे लष्कराच्या हिशेबखात्यात काढली, आणि 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ १९६१ मध्ये लिहून घराण्यांच्या सौंदर्यविचाराला ज्यांनी नवी दिशा दिली ते वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. आमच्या कलावंतांच्या चरित्रांतून कचेरीचा उल्लेख बहुधा एक जाच म्हणून येतो. जमाखर्चाच्या वह्यांनी महाराष्ट्राच्या संगीतावर केलेल्या उपकारांची रीतसर नोंद अद्याप व्हावयाची आहे, असे मला मात्र वाटते.

तथापि या नामावळीने कोणी भुलून जाऊ नये. दोन्ही काठ गाठणाऱ्यांचीच नावे आपल्यापर्यंत पोहोचतात. दुसऱ्या वर्षी रियाझ सुटला, तिसऱ्या वर्षी गुरूकडे जाणे लांबले आणि चौथ्या वर्षी 'मी पूर्वी गात असे' असे म्हणू लागला, अशा विद्यार्थ्याचे चरित्र कोणी लिहीत नाही. मी अशी मुले पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यात बुद्धीची वा आवडीची वाण असते असे म्हणणे निखालस अन्यायाचे होईल. बहुतेकांच्या बाबतीत प्रवेश घेण्याच्या दिवशीच गाण्याचा निकाल लागून गेलेला असतो, फक्त तो कोणी वाचलेला नसतो.

आता नव्या व्यवस्थेकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले, आणि त्यानुसार आपल्या राज्यातील महाविद्यालयांत मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषय घेण्याची मुभा निर्माण झाली. हा दुय्यम विषय निराळ्या विद्याशाखेचाही असू शकतो. म्हणजे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला कागदोपत्री संगीत घेता येते. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, पूर्वी अशा विद्यार्थ्याला दप्तरातून सरळ परत पाठवीत असत. परंतु मुभा आणि सोय यांत अंतर असते आणि ते मोजून पाहिले पाहिजे. दुय्यम विषयाला तीन वर्षांत साधारणतः १८ ते २० श्रेयांक मिळतात. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. वादासाठी असे धरू, की २० च्या २० श्रेयांक प्रात्यक्षिकाचेच आहेत, जे कोठेही घडत नाही. तरी तीन वर्षांचे मिळून ६०० तास होतात. याउलट घरी रोज फक्त एक तास तंबोरा घेऊन बसणाऱ्याचे तेवढ्याच मुदतीत १,०९५ तास भरतात. शिवाय ते ६०० तास एकट्याचे नसतात. वर्गात वीस मुले असली आणि प्रत्येकाचा गळा स्वतंत्रपणे ऐकावयाचा म्हटला, तर तासाभरात एकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. तीन मिनिटांत षड्ज लागतो. राग लागत नाही.

म्हणून दुय्यम विषय निरुपयोगी आहे असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. त्याचे लाभ निराळे आहेत. गुरूकडे एका घराण्याची एकच वाट मिळते. वर्गात दुसऱ्या वाटा ऐकू येतात, रागांचा इतिहास, ठाटांची चर्चा, श्रुतींविषयीचे मतभेद हे सारे कानांवरून जाते. ग्रंथालयात भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहाही भाग सापडले, तर ते हाताळण्याची सवय लागते. गाणाऱ्याला तबल्याची साथ मिळते, आणि तबलजीला साथीसाठी गाणारे मिळतात, हा तर तबला शिकणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ होय, कारण एकट्याने कायदे-रेले घोटून साथसंगत कधी येत नाही. आणखी एक व्यावहारिक लाभ असा, की वेळापत्रकात संगीताचा तास अधिकृतपणे लागलेला असला म्हणजे त्या तासाला विद्यार्थी कोठे होता, याची जाबजबाबी होत नाही.

फक्त शुल्क भरण्यापूर्वी विभागाची नीट चौकशी करावी. माहितीपत्रकातला विषय या वर्षी खरोखर चालणार आहे काय, की पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यास तो गुंडाळून सर्वांना दुसरीकडे वळविणार? शिकविणारे अध्यापक कायम नेमणुकीचे आहेत, की तासिका तत्त्वावरचे, ज्यांची नेमणूक ऑगस्टात होते आणि मार्चात संपते? विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी आणि संगीताचा तासही दुपारी, असा पेच तर नाही? ही उत्तरे माहितीपत्रकात नसतात. ती दप्तरात समक्ष जाऊन, आणि त्याहून उत्तम म्हणजे दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून मिळवावी लागतात.

वेळापत्रक वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि तीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. अभियांत्रिकीचे वेळापत्रक हाती घ्या. सकाळी आठ-साडेआठला तास सुरू होतात, दुपारी तुकड्या पाडून प्रात्यक्षिके होतात, पाच वाजता सुटका होते. कागदावर संध्याकाळ मोकळी दिसते. पण सत्राच्या अखेरीस ज्याला विद्यार्थी सबमिशन म्हणतात त्याचे पंधरा दिवस येतात, त्यांत जर्नले उतरून काढण्यात रात्री जातात, आणि वेळापत्रकात हे पंधरा दिवस कोठेही छापलेले नसतात. वास्तुशास्त्राचे तर विचारूच नका. तेथे ज्यूरीच्या आधीच्या रात्री झोपेलाच जागा नाही, तेथे भूपाची काय कथा! वैद्यकीय शिक्षणात पहिली वर्षे पाठांतराची आणि पुढची वॉर्डातली, तेव्हा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याने गाण्याचे तास पहाटेचेच मानावेत, हे बरे. वाणिज्य शाखेचे मुंबईतील पुष्कळ वर्ग सकाळी सातला भरतात आणि अकराच्या आसपास सुटतात. त्यांत खर्जाच्या रियाझाची पहाट जाते खरी, परंतु उरलेला सबंध दिवस मोकळा मिळतो, आणि गुरूंची दुपारची वेळ बहुधा रिकामी असल्याने एकास एक तालीम मिळण्याची शक्यता वाढते. कला शाखेला मोकळा वेळ सर्वांत अधिक, म्हणूनच तो वाया जाण्याची भीतीही सर्वांत अधिक.

याच हिशेबात प्रवास धरावा. डोंबिवलीहून फोर्टातल्या नामांकित महाविद्यालयात जाणारा मुलगा रोज दोन-अडीच तास गाडीत उभा असतो, आणि घरी येतो तेव्हा त्याच्या अंगात जेवण्याचेही त्राण नसते. तेच शिक्षण ठाण्याला वा कल्याणला थोड्या कमी नावाच्या ठिकाणी मिळत असेल आणि गुरूही त्याच बाजूला असतील, तर कमी नावाचे महाविद्यालय त्याच्यासाठी अधिक चांगले महाविद्यालय आहे. हे विधान अनेक पालकांना मानवत नाही. नामांकित महाविद्यालयाची पुढे नोकरीत जी किंमत येते ती मी अमान्य करीत नाही. मुख्य विषय हा मुख्य विषय आहे, आणि त्याच्याशी बेइमानी करून गाणे वाढत नाही, मनाला नुसती टोचणी लागते. पण दोन महाविद्यालयांत मुख्य विषयाचे शिक्षण जवळपास सारखे असेल, आणि बहुतेक वेळा ते असते, तेथे तराजू रोजच्या या दोन तासांनी झुकू द्यावा.

हजेरीचा नियम हाही असाच. ७५ टक्के हजेरीची अट आपल्या विद्यापीठांतून सर्वश्रुत आहे. तिची अंमलबजावणी मात्र कोठे सैल तर कोठे करडी असते. सैल हजेरीचे महाविद्यालय शोधा असा सल्ला या व्यासपीठावरून देण्याइतका मी धीट नाही. एवढे मात्र विचारून घ्यावे, की विद्यार्थ्याला एखाद्या संगीत महोत्सवात वा स्पर्धेत भाग घ्यावयाचा झाल्यास प्राचार्यांच्या पत्राने हजेरी मिळते काय. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव १९५३ पासून भरतो. त्या दिवसांत पुण्यातले जे विद्यार्थी सकाळच्या तासाला पेंगतात त्यांना पेंगू द्यावे, असे माझे खाजगी मत आहे.

वसतिगृहाकडे येऊ. घर सोडून राहणाऱ्याला सर्वांत कठीण पडते ती तंबोऱ्याची जागा. आपल्या मिरजेचे तंबोरे देशभर जातात. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे असतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तो भोपळा एखाद्या वसतिगृहाच्या दहा बाय बाराच्या खोलीत, तीन खाटा आणि तीन कपाटांमध्ये ठेवून पाहिला आहे काय? खाटेखाली तो जात नाही, कपाटावर उभा राहत नाही, कोपऱ्यात ठेवला तर खोलीतल्या मित्राचा चेंडू त्यावर येऊन आदळतो. म्हणून मुले मोबाइलमधला तंबोरा वापरतात. मी त्याचा द्वेष्टा नाही. प्रवासात, परीक्षेच्या दिवसांत तो मोठा आधार आहे. परंतु तंबोरा स्वतः लावताना जे कानाला मिळते ते त्यात मिळत नाही. जोडीच्या तारा षड्जाला आणून ठेवाव्यात, पहिली तार पंचमाची की मध्यमाची हे रागावरून ठरवावे, मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवावा, तो केसभर मागे, केसभर पुढे, आणि एका ठिकाणी तार एकाएकी बोलू लागते, जवारी उघडते, खर्जातून न छेडलेला गांधार ऐकू येऊ लागतो. या दहा मिनिटांत विद्यार्थ्याच्या कानाला जे शिक्षण होते ते कोणत्याही श्रेयांकात बसत नाही. तेव्हा प्रवेशाच्या वेळी वसतिगृहाच्या अधीक्षकांना भोजनाविषयी विचारता, त्याच दमात हेही विचारा, की पहाटे सहा ते सात रियाझ करण्यास एखादी खोली मिळेल काय. जिमखान्यामागची अडगळीची खोली, वर्ग सुटल्यावरची रिकामी प्रयोगशाळा, जवळच्या देवळाचा सभामंडप, काहीही चालते. जेथे अधीक्षक या प्रश्नावर हसतात तेथे दुसरे महाविद्यालय पाहावे.

आता युवा महोत्सवांविषयी चार शब्द, कारण पालकांना त्यांचे अप्रूप फार. विद्यापीठांचे युवा महोत्सव, राज्यस्तरावर 'इंद्रधनुष्य', पुण्यातला फिरोदिया करंडक, यांतून मुलांना व्यासपीठ मिळते, भीड चेपते, साथीदारांशी जुळवून घेण्याची कला येते. हे सारे मला मान्य आहे. परंतु स्पर्धेचे गाणे दहा-पंधरा मिनिटांचे असते. त्या अवधीत आलाप, बंदिश, ताना आणि तिहाई सारे दाखवून टाळ्या घ्यावयाच्या असल्याने विद्यार्थी एकच राग, त्याच दोन बंदिशी आणि त्याच घोटीव ताना घेऊन वर्षानुवर्षे फिरतो. समूहगीताच्या तालमी तर महिना महिना चालतात आणि घसा बसेपर्यंत चालतात. ज्या महाविद्यालयाच्या भिंती करंडकांनी भरलेल्या आहेत, तेथे संगीताला फार मान आहे हे खरे. त्या मानाची वसुली तुमच्या मुलाच्या रियाझातून होणार नाही ना, एवढे आधी पाहावे.

आवाजाची गोष्ट येथेच सांगून टाकतो. मुलांचा आवाज तेरा ते सोळाच्या दरम्यान फुटतो, आणि महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे तो नव्या जागी स्थिर होण्याची असतात. मुलींचाही आवाज याच वयात भरत जातो. या दिवसांत वरच्या पट्टीत ओरडून केलेले गाणे पुढे कायमचे नडते. सूर कोणता धरावा हे सांगणारे गुरू याच वर्षांत सर्वांत अधिक जवळ हवेत, आणि दैवयोग असा, की याच वर्षांत मुले गाव सोडतात. दूरच्या गुरूंकडून पडद्यावर तालीम घेण्याची सोय आता झाली आहे. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुले तिचा मोठ्या निष्ठेने लाभ घेतात. पण आवाज तेथे क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही, आणि गुरूच्या आवाजात आवाज मिसळून गाणे हाच तर आमच्या तालमीचा कणा. असलेली तालीम टिकविण्यास ही सोय उत्तम आहे. या वयात तालमीचा आरंभ तिच्यावर करू नये.

परीक्षांविषयी एक सूचना. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सुमारास होतात, आणि विद्यापीठांच्या सत्रपरीक्षाही नेमक्या याच दिवसांत येतात. दहावीपर्यंत वाढीव गुणांच्या लोभाने मुले पटापट परीक्षा देतात, गुण पदरात पडले की पेटीला कुलूप लागते. जे टिकतात त्यांनी विशारदची घाई करू नये असे मी म्हणेन. विशारदला दोन वर्षे अधिक लागली तर काही बिघडत नाही, कारण पदवी कोणत्याही शाखेची असली तरी विशारद झालेल्याला किंवा प्रवेशचाचणीत उतरलेल्याला पुढे संगीतात एम. ए. करण्याची वाट अनेक विद्यापीठांनी मोकळी ठेवलेली आहे. दुसरा विषय पुढे पहिला होऊ शकतो. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण कलावंतांसाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, तिचाही अर्ज अवश्य करावा. तीत रक्कम मोठी नाही, पण अर्ज करण्यासाठी गुरूचे नाव लिहावे लागते आणि त्या निमित्ताने पुष्कळांचे गुरुकुल ठरून जाते.

मघाशी या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. तालुक्याच्या गावच्या एका पालकांनी लिहिले आहे, की मुलगी मध्यमा पूर्ण झाली आहे, गावात पुढचे शिकविणारे कोणी उरले नाही, तिला विज्ञान शाखा घ्यावयाची आहे, तर काय करावे? हा सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे. सध्याच्या शिक्षकांना विचारा, की आपल्यानंतर हिला कोणाच्या स्वाधीन कराल. बहुतेक शिक्षक एक-दोन नावे सांगतात, आणि ती नावे पुणे, सांगली-मिरज, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, पणजी अशा एखाद्या ठिकाणची असतात. जून उजाडण्यापूर्वी मुलीला घेऊन तेथे जा, गुरूंना तिचे गाणे ऐकवा आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता ते तिला बसवून घेतील हे विचारा. त्यांनी वार आणि वेळ सांगितली की ती कागदावर लिहून घ्या. मग त्या गावातल्या विज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयांच्या दप्तरांत जाऊन गतवर्षीचे पहिल्या वर्षाचे वेळापत्रक मागा, ते दोन्ही कागद शेजारी धरा, आणि ज्या महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांचा वार गुरूंच्या वाराशी भिडत नाही त्याचे नाव अर्जात पहिल्या क्रमांकावर लिहा. गुरूंनी बुधवार सांगितला असेल आणि सर्व महाविद्यालयांची प्रात्यक्षिके बुधवारीच निघाली, तर महाविद्यालये बदलत बसू नका. गुरूंना गुरुवार मागून पाहा. गुरू मंडळी दप्तरांपेक्षा अधिक ऐकून घेतात.